कॉलरच्या आतली गाठ

ताई आली ती दोन मोठ्या पिशव्या घेऊनच. चपला काढायच्या आधीच तिची नजर बोळात गेली.

"हा दांडा अजून इथंच?"

"असू दे म्हटलं," धाकटी सून म्हणाली. तिच्या कडेवर चिमणी होती आणि मोकळ्या हातात चिमणीचा एक मोजा. "सवय झालीय त्याची."

"सवय कसली? डोक्याला लागेल एखाद्याच्या."

चाळीस वर्षांत तो कुणाच्या डोक्याला लागला नव्हता. स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्या मधल्या बोळात, बरोबर हात पुरेल एवढ्या उंचीवर, आईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तो लोखंडी दांडा ठोकून घेतला होता. दर रविवारी संध्याकाळी त्यावर घरातल्या सगळ्यांचे आठवडाभराचे कपडे लागायचे. मास्तरांचे, म्हणजे शिंप्याच्या दुकानात कापड कापणाऱ्या बाबांचे, डावीकडे, मग थोरल्याचे, मग ताईचे, शेवटी धाकट्याचे. एका हँगरवर एक दिवस. खाली पँट, वर शर्ट, खिशात रुमाल, गळ्याशी मोज्यांची जोडी. सकाळी हात घालायचा आणि निघायचं. पोरं मोठी झाली, आपापल्या घरी गेली, तशी दांड्याची उजवी बाजू रिकामी होत गेली. शेवटी शेवटी मास्तरांचे पाच हँगर तेवढे उरले होते, आणि तीन महिन्यांपूर्वी ते लावणारा हातही गेला.

धाकटी या घरात आली तेव्हा आई तिला म्हणाल्या होत्या, "कपड्यांनाही नातेवाईक असतात गं. कुणाचं कुणाशी पटतं ते एकदा शांतपणे बघून ठेवायचं, म्हणजे सकाळी डोकं लावावं लागत नाही. खालचे तीन, वरचे पाच, आणि एक स्वेटर असा की ज्याचं कुणाशीच भांडण नाही. एवढ्यात माणसाची नोकरी पार पडते." आणि चिमणी झाल्यावर, घरात बसून धाकटीचा जीव गुदमरायला लागला तेव्हा, "निघ तू परत कामावर. तुझेही पाच मी लावून देईन. उजवीकडची जागा मोकळीच आहे."

कामावर परत जायचा तो सोमवार उद्या होता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, नकाशे काढायच्या खोलीत, अडीच वर्षांनी तिची खुर्ची तिला परत मिळाली होती. आणि कपाटातलं एकही वस्त्र दुसऱ्याशी बोलायला तयार नव्हतं.

थोरला आणि वहिनी पाठोपाठ आले. थोरला शाळा तपासणीस. घरातही शेरा मारल्यासारखं बोलायचा. वहिनी शिक्षिका, आणि त्यानं तपासलेल्या सगळ्या शाळांमधून त्याला उलट उत्तर देणारी एकटी तीच, म्हणून तर लग्न झालं, असं आई सांगायच्या. धाकटा नव्हता. तो दूरच्या एका पुलाच्या कामावर होता आणि महिन्यातून दोनदा घरी यायचा.

मंडळी जमली होती दोन कामांसाठी. एक उघड, आईंचं कपाट रिकामं करायचं. दुसरं मास्तरांना माहीत नव्हतं. ते पुढच्या खोलीत चिमणीबरोबर फरशीवर बसून लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होते.

"आजोबा, तांबडा द्या."

मास्तरांनी ठोकळा दिला.

"हा हिरवा!" चिमणी खिदळली. "आजोबा चुकले!"

"चुकलो बाई. म्हातारा झालो."

मागच्या खोलीचं दार थोरल्यानं हलकेच लोटून घेतलं.

"परवा दुकानाच्या मालकाचा फोन आला होता," तो म्हणाला. "बाबा कसे कपडे घालून जातात, बघता का कुणी? गडद हिरवी पँट, त्यावर तांबडा शर्ट, वर ते विटकरी जाकीट. मंगळवारी एक मोजा तपकिरी, एक हिरवा. गिऱ्हाइकं हसतात. एकानं कोटाचं कापड परत नेलं. म्हणाला, ज्याला स्वतःचं ध्यान नाही त्याच्या कात्रीखाली मी माझं कापड घालणार नाही."

"आई गेल्यापासून चाललंय हे," ताई म्हणाली. ती मोठ्या इस्पितळात हेड नर्स होती, आणि कुठलीही गोष्ट तिच्या तोंडून निघाली की निदान होऊन निघायची. "हे असंच सुरू होतं. आधी कपडे, मग किल्ल्या, मग रस्ता. माझ्या वॉर्डात रोज बघते मी."

"म्हणून म्हणतो, या महिनाअखेर काम बंद. आमच्याकडे येऊन राहतील. एक घाव दोन तुकडे."

"त्यांना विचारलंय?" वहिनी म्हणाली.

"भानावर असलेल्या माणसाला विचारतात."

"मग तुम्हाला कोण विचारतं ते तरी कळू दे."

ताईला हसू आलं, पण ते तिनं पिशवीत घातलं. एरवी ताई आणि वहिनी यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आज मात्र ताई कुंपणावर बसून होती. मास्तर तिच्याकडे येणार नाहीत एवढं पक्कं झालं की ती कुठल्याही बाजूला उतरायला मोकळी होती. "माझ्या तर ड्यूट्या बघता तुम्ही," ती दुसऱ्यांदा म्हणाली.

धाकटीला कुणी काही विचारलं नाही. त्याच घरात मास्तरांसोबत राहणारी ती एकटी होती, पण या खोलीत तिचं काम घड्या घालण्याचं होतं. ती घड्या घालत होती. आईंचा राखाडी स्वेटर, तोच तो, कुणाशी भांडण नसलेला, ताईनं उचलून आपल्या पिशवीत ठेवला. धाकटीचा हात मध्येच थांबला. आई ताईची होती. आपण कुठल्या तोंडानं मागायचं?

मास्तरांनी काम सोडलं तर काय उरेल, ते तिला दिसत होतं. हे घर बंद होईल, एकट्या तिच्यासाठी ते कुणी चालू ठेवणार नाही. तिला आणि चिमणीला पुलाच्या कामावरच्या पत्र्याच्या खोलीत जावं लागेल. आणि मास्तर थोरल्याच्या चौथ्या मजल्यावर खिडकीपाशी बसून राहतील. कात्री हातात नसली की ते आपल्याच बोटांकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघायचे.

"ही बाबांची दिसते," ताई म्हणाली आणि कपाटाच्या तळातून एक पँट तिनं धाकटीच्या मांडीवर टाकली. "खिसा उसवलाय. आईनं शिवायला ठेवली असणार. टाकून दे."

तपकिरी पँट होती. धाकटीनं घडी घालायला कमरपट्टी सरळ केली, आणि अंगठ्याला आतल्या बाजूनं काहीतरी लागलं. मोहरीएवढं. त्याच्याशेजारी आणखी एक. दोन बारीक गाठी, प्रत्येकीला नखभर धाग्याचं शेपूट.

घडी तशीच राहिली.

या गाठी तिनं पाहिल्या होत्या. मास्तरांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत, प्रत्येक पँटच्या कमरेला. आई गेल्यावर इस्त्री तिच्याकडे आली, जोड्या मात्र मास्तर स्वतःच निवडायचे. धागे कापायची छोटी कात्री शेजारी घेऊन, एकेक कपडा उलटा करून, तिनं ते सुटे धागे मुळापासून कापून टाकले होते. प्रेमानं. कटिंग मास्तरांच्या कपड्याला धागे लोंबायला नकोत म्हणून. कुठल्या कपड्याला एक, कुठल्याला दोन, कुठल्याला तीन, मोजायचं काही कारणच नव्हतं.

आणि रोज सकाळी दांड्यापाशी उभे राहून, शर्ट हातात घेऊन, मास्तर कॉलरच्या आतून अंगठा फिरवायचे. इकडून तिकडे, तिकडून इकडे. तिला वाटायचं, शिंप्याची खोड. शिलाई तपासतायत. कधी वाटायचं, आईंची आठवण.

पुढच्या खोलीतून चिमणीचा आवाज आला. "आजोबा परत चुकले!"

धाकटी पँट घेऊन उठली. "चहा टाकते," म्हणाली, आणि चहा न टाकता पुढच्या खोलीत गेली. चिमणीला तिनं मोजा शोधायला पिटाळलं आणि स्वतः मास्तरांसमोर फरशीवर बसली. पँट त्यांच्या हातात दिली.

त्यांचा अंगठा आपसूक कमरेच्या आत गेला आणि तिथंच थांबला. बराच वेळ.

"ही कुठं सापडली?"

"आईंच्या कपाटात. बाबा, तुम्हाला रंग दिसत नाहीत का?"

"दिसतात की." मास्तर ठोकळ्यांकडे बघत राहिले. "सगळे नाही दिसत. तांबडा, हिरवा, तपकिरी, हे तिघं मला एकाच घरचे वाटतात."

"आणि दुकानात?"

"दुकानात माझं काम मापाचं. रंग गिऱ्हाईक बघतं, दोरा काजवाली बघते. लोकांना वाटतं मास्तरांना तोरा आहे. वाटू दे." ते किंचित हसले. "तुझी सासू आमच्या पहिल्या दुकानात काजं करायची. मी एकदा हिरव्या कोटाला विटकरी अस्तर कापलं. मालक खवळला. ती मध्ये पडली, म्हणाली माझ्याकडून अस्तराचा गठ्ठा बदलला. बोलणी तिनं खाल्ली. आठवडाभरानं लग्नाचं विचारलं."

"तुम्ही?"

"तिनं. मला कुठलं धाडस?"

"मग सगळे पांढरेच कपडे घालायचे ना."

"तेच म्हणालो होतो मी. ती म्हणाली, शिंपी म्हणजे दुकानाची चालती पाटी. कोरी पाटी कोण वाचतं? एका गाठीची पँट, एका गाठीचा शर्ट. दोनाला दोन. पांढऱ्याला गाठ नाही, ते कुणाशीही जातं. चाळीस वर्षं चाललं. पोरांनाही पत्ता नाही."

मग ते पँटकडेच बघत म्हणाले, "ती गेली आणि गाठी जायला लागल्या. या आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दोन. मला वाटलं, असंच असणार. तिच्या हातच्या गाठी, तिच्यामागं सुटणारच. शेवटची निळ्या शर्टाची होती. ती गाठ गेली त्या दिवशी मी दुकानात उशिरा पोचलो."

धाकटीला गप्प राहता आलं असतं. सुटल्या, संपलं. पण ते ज्या समजुतीवर बसले होते ती आईंच्या नावावर होती.

"सुटल्या नाहीत बाबा. मी कापल्या."

मास्तरांनी वर पाहिलं.

"इस्त्री करताना. मला वाटलं सुटे धागे आहेत."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. मास्तरांनी दोन ठोकळे एकमेकांवर ठेवले, तांबड्यावर हिरवा.

"कुठल्या कात्रीनं?"

"छोट्या. धागे कापायच्या."

"मग बरोबर," ते म्हणाले. "लोंबणारा धागा दिसला तर कापायचाच. मीच शिकवलं होतं तुला." आणि पँटची घडी घालता घालता, खालच्या आवाजात, "आत सांगू नकोस. मला माहितेय काय चाललंय आत. वेडा म्हणू देत. पण हे तिचं आणि माझं होतं. चारचौघांत वाटायचं नाही."

धाकटी परत आली तेव्हा थोरला खोल्यांची मापं बोलत होता, मास्तरांची खाट कुठं, कपाट कुठं.

"चहा?" ताईनं विचारलं.

"बाबांचे कपडे मी लावते," धाकटी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"दांड्यावर. आई गेल्यापासून मीच लावते रविवारी. चिमणी पायात असते, घाईघाईत जे हाताला येईल ते अडकवते. ते बिचारे जे लावलं ते घालतात. त्यांचं काही बिघडलेलं नाही. चूक माझी आहे."

मग ताईनं हातातली घडी मोडली.

"धन्य आहे. तीन महिने आम्ही जिवाला घोर लावून बसलोय आणि ही बया तांबड्यावर हिरवं अडकवतेय. घरात बसून एवढंही होत नाही?"

"नकाशे काढते म्हणे," थोरला म्हणाला. "पाइप तरी योग्य जागी दाखवत जा, नाहीतर लोकांच्या घरात काय येईल कुणास ठाऊक."

"आणि उद्यापासून कामावर निघालीय," ताई म्हणाली. "आईची जागा घ्यायची म्हणजे चेष्टा नाही. आधी हे घर धड सांभाळ, मग कचेरी सांभाळायला जा."

आतापर्यंत वहिनी मास्तरांच्या बाजूनं होती. पण मास्तरांची बाजू अशी एका वाक्यात सुटल्यावर धाकटीची बाजू घ्यायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. "बोलायचं नाही का गं आधी?" एवढंच ती म्हणाली, आणि तेच धाकटीला सगळ्यात जास्त लागलं.

"मी उद्या जाणार आहे," धाकटी म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "आणि बाबांचे कपडे नीट लागतील. बघा तुम्ही."

"महिनाभर बघू," थोरल्यानं शेरा मारला. "मालकाचा पुन्हा फोन आला तर मात्र मी कुणाचं ऐकणार नाही."

संध्याकाळच्या आत मंडळी निघाली. राखाडी स्वेटर पिशवीतून निघून गेला. निघताना ताईनं चिमणीची पापी घेतली आणि धाकटीच्या अंगावरून नजर फिरवत म्हणाली, "उद्या स्वतः तरी काहीतरी नीट घालून जा."

धाकट्याचा फोन आला तेव्हा ती बोळात बसून सुईत दोरा ओवत होती. त्याच्या मागं वाऱ्याचा आणि यंत्रांचा आवाज होता.

"कसं झालं? दादाशी वाजलं का?"

"नाही. सगळं ठीक."

"उद्याची तयारी?"

"चाललीय."

"तुला जमेल गं," तो म्हणाला. मग काहीतरी आणखी म्हणाला, ते यंत्रात वाहून गेलं, आणि ती "हो" म्हणाली.

खिसा शिवलेली तपकिरी धरून तीन पँटी, पाच शर्ट. तिनं ते खिडकीपाशी फरशीवर पसरले, उजेड होता तोवर. आईंनी कुणाला कुणाशी बांधलं होतं ते आता कळायला मार्ग नव्हता. तपकिरी पँटच्या दोन गाठी तेवढ्या उरल्या होत्या, नाती सगळी तिला नव्यानं जोडायची होती. तपकिरीशी दुधी आणि फिकट पिवळा. निळसर राखाडीशी निळा आणि रेघांचा. हिरव्या पँटशी तिनं तांबडा सोडून सगळे लावून पाहिले. तांबडा शेवटपर्यंत हातात राहिला. तो आईंना फार आवडायचा, एवढं तिला आठवत होतं. कशाबरोबर, ते आठवेना. विचारायला कुणी नव्हतं. जो सांगू शकला असता त्याला तो तांबडा आहे हेच माहीत नव्हतं. शेवटी तिनं तो निळसर राखाडीशी बांधला आणि पाच दिवस पुरे झाले. हिरवी पँट घडी करून बाजूला ठेवली. तिचं कुणी नव्हतं.

स्वतःचं कपाट उघडेपर्यंत चिमणी रडायला लागली होती.

सकाळी ती उठली तेव्हा मास्तर आंघोळ करून दांड्यापाशी उभे होते. शर्ट हातात, अंगठा कॉलरच्या आत. ती दारातच थांबली.

"तिच्या गाठी उजवीकडं असायच्या," मास्तर मान न वळवता म्हणाले. "तू डावीकडं घातल्यास."

"बदलू का?"

अंगठा पुन्हा एकदा फिरला. "नको. कुणाच्या ते कळू दे."

मग तिचं लक्ष दांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं. कित्येक वर्षं रिकाम्या असलेल्या उजव्या बाजूला एक हँगर होता. त्यावर तिची शेवाळी पँट, बाळंतपणाआधीची, जी दोन वर्षांत तिच्या कमरेवर चढली नव्हती. वर गर्द डाळिंबी शर्ट. खिशात रुमाल. गळ्याशी मोजे.

"कमरेला इंचभर सोडलीय," मास्तर म्हणाले. "शिलाईत कापड होतं आत. शर्टाचे खांदे ओढत होते, ते सारखे केलेत. दोन्ही कापडं एका वजनाची आहेत, दिवसभर बसलीस तरी एकमेकांशी भांडणार नाहीत." आणि थोडं थांबून, "पटतंय ना?"

तिनं घालून पाहिलं. पँट तिच्यासाठीच बेतल्यासारखी बसली. आरशात मात्र शेवाळीवर डाळिंबी, भांडलेल्या भावकीतली दोन माणसं समोरासमोर उभी राहावीत तशी.

"पटतंय," ती म्हणाली.

चिमणी दूध पिता पिता थांबली. तिनं आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आजोबा चुकले," ती म्हणाली.

मास्तर बूट घालत होते. नाडीवरची त्यांची बोटं थांबली.

"नाही गं," धाकटी म्हणाली. "चल, उशीर होतोय."

तिघं बरोबर निघाले. चिमणीला पाळणाघरात सोडलं, ती मागं वळून न पाहता आत पळाली. कोपऱ्यावर मास्तरांची वाट वेगळी व्हायची. दुधी शर्ट, तपकिरी पँट, नीट विंचरलेले केस. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही वाटलं असतं, या माणसाच्या घरी कुणीतरी आहे.

"बदलून ये हवं तर," ते म्हणाले. "वेळ आहे अजून."

"नाही बदलायचं."

त्यांनी मान हलवली आणि गेले. थांब्यावर चारपाच जणं होती. एका मुलीनं धाकटीच्या शर्टाकडे पाहिलं, मग पँटकडे, मग नजर दुसरीकडे नेली. बस दिसत नव्हती. धाकटीनं हात वर नेला आणि कॉलरच्या आतून अंगठा फिरवला, डावीकडून उजवीकडे.

तिथं काही नव्हतं. शिलाई सरळ होती, सफाईदार, एकही धागा सुटा नव्हता. तिनं अंगठा पुन्हा एकदा फिरवला.